कालव एकदाच बसतं

हेडलीने बस विकली तेव्हा
गिऱ्हाईक म्हणालं, टायर नकोत, गुळगुळीत झालेत.
सहाही टायर अंगणात राहिले.
एकात कोंबडीने अंडी घातली,
एकात पाणी साचून डास झाले,
मग आरोग्यखात्याची बाई दंडाचं बोलायला लागली.

तेव्हा मी ते कापले.
टायर कापणं कापल्याशिवाय कळत नाही:
सुरीला साबण लावायचा, आतली तार चुकवायची,
मनगट रात्रभर आपलंआपण बोलत राहतं.
तळहाताएवढे तुकडे, मधे भोक,
नायलॉनच्या दोरीत गाठ, तुकडा, गाठ, तुकडा,
आणि तिवरांच्या कडेला
बांबूच्या तराफ्याखाली सोडून दिले.

कालवाचं पिल्लू मोहरीहून बारीक.
पंधरा-वीस दिवस पाण्यात भटकतं,
मग पाय काढतं.
हो, पाय असतो त्याला, एकच, तेवढ्यापुरता.
चाचपतं, नको म्हणतं, पुढे जातं,
पुन्हा चाचपतं.
एकदा बसलं की
पाय जिरतो.
डोळ्याचा ठिपका असतो, तोही जातो.
पुढे जे यायचं ते पाण्याने आणायचं.

हेडली पायरीवर बसून दोऱ्या बघतो.
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
गेल्या ऑगस्टपासून तो त्याचं ऐकत नाही.
डाव्या हाताने तुकडे ओळखतो:
हा यालसच्या पुलाजवळ फुटला होता,
आत नवरी होती, किंग्स्टनला अडीच तास उशीर.
मी म्हणते, थापा. रबराला काय तोंड असतं?
तो म्हणतो, झीज बघ, एकाच अंगाने.
तसा रस्ताच होता.
त्या झिजल्या अंगावर
अकरा कालवं बसलीयेत.

शनिवारी हॉटेलला चाळीस डझन द्यायची होती.
गुरुवारी रात्री वर डोंगरात वीज दिसली,
इथे थेंबही नाही.
सकाळी खाडी चहाच्या रंगाची,
त्यात केळीचं खोड, एक चप्पल,
गुरांचा वास.

कालवाला नको म्हणता येत नाही,
ते म्हणायचं वय पायाबरोबर गेलं.
दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी आत घेतं,
बाहेर नितळ सोडतं,
घाण आपल्याकडे ठेवतं.
आणि वरून काही दिसत नाही, तीच तर गोम.
शिंपला बंद, जड, कडा धारदार,
कालच्यासारखाच.

हॉटेलचा पोऱ्या आला, गाडी घेऊन, बर्फासकट.
म्हणाला, मिस आयोना, लिंबू पिळलं,
मिरचीचं व्हिनेगर घातलं, की सगळं मरतं.
मी म्हटलं, चव मरते. बाकीचं जिवंत राहतं.
त्याने दर वाढवला.
पुन्हा वाढवला.
तिसऱ्यांदा वाढवला तेव्हा मी छताकडे पाहिलं,
दोन पत्रे बदलायचेत.

तेवढ्यात पायरीवरून हेडली ओरडला,
अर्ध्या तोंडाने, पण खणखणीत:
भरली! भरली! पुढची गाडी!

पोऱ्याला वाटलं म्हातारा भ्रमलाय.
मला हसू आवरेना.
बावीस वर्षं दारात लोंबकळणाऱ्यांना
तो हेच सांगून
आणखी तिघांना आत घ्यायचा.

पोऱ्या बर्फ ठेवून गेला,
हॉटेलपर्यंत तो टिकला नसता.
त्यात आम्ही जिंजर बिअर गार केली.

पाण्याची बाई बाटल्या भरून गेली,
म्हणाली, तीन आठवडे तरी थांबा.
थांबतोच आहे.
दुपारी दोऱ्या वर ओढून उन्हात धरते,
म्हणजे अंगावरची फुकटी मंडळी वाळून गळतात
आणि कालवं तोंड मिटून बसतात,
टक्, टक्, एकेक.

शेवटच्या दोरीत टायरच्या कडेचा तुकडा आहे,
कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत.
एक अक्षर अजून वाचता येतं.
बाकीच्यांवर कोणी ना कोणी
जागा धरलीय.